शेवटचा सिनेमा कुठला पाहिलात?

(मोरिवली येथे बचतगटातल्या बायका आणि किशोरी गटातल्या मुली यांच्या एकत्र मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक खुलासा करते. "बायकांच्या मेळाव्यात सिनेमा-गाण्यांवर काय बोलायचं? त्यापेक्षा रेशनचं बोला, पाण्याचं बोला," असं आपल्यातल्याच एका ताईंनी मला सकाळी सांगितलं. त्यांचं म्हणणं चूक नाही. पाण्याचं आणि रेशनचं आपण दुपारच्या सत्रात बोलणारच आहोत. पण गेल्या काही महिन्यांत आपल्या गटांमध्ये एक वेगळीच कुरबूर ऐकू येते आहे, आणि तिच्यावर एकदा सगळ्यांनी मिळून बोलायला हवं असं मला वाटलं.

कुरबूर अशी. मुली म्हणतात, "ताई, तुमची गाणी बोअर आहेत." आया म्हणतात, "ह्या काय बघतात त्या मोबाईलमध्ये, आम्हाला काही कळत नाही. आम्ही आता म्हाताऱ्या झालो." आणि 'आम्ही म्हाताऱ्या झालो' म्हणणाऱ्या बाईचं वय विचारलं तर ते निघतं चौतीस. एक तर एकोणतीस वर्षांची होती.

मी स्वतः छत्तिशीत आहे. माझ्या लहानपणी अल्फा मराठी नावाची वाहिनी होती, तिचं नाव २००५ साली झी मराठी झालं. गाणी कॅसेटवरून सीडीवर आली, मग मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्डात भरून मिळायला लागली. कॉलेजात ऑर्कुट होतं, ते २०१४ साली बंद झालं. हे सगळं मी परवा मुलींना सांगत होते, तर एक मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, "आज्जीची गोष्ट चालू आहे." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना मनात आलं की माझ्या वर्गातल्या मुलांना असं कोणी म्हणतं का? ती मुलं आजही त्या काळच्या नटांचे नवे सिनेमे पहिल्या दिवशी पाहतात, चहाच्या टपरीवर त्यावर वाद घालतात, आणि स्वतःला तरुणच समजतात. मग बाई इतक्या लवकर जुनी का होते?

म्हणून आपण गटागटांत एक खेळ खेळलो. प्रत्येकीने दोन गोष्टी सांगायच्या. टॉकीजमध्ये पाहिलेला शेवटचा सिनेमा कुठला? आणि तुमचं लग्न कुठल्या साली झालं?

मी काही शास्त्रीय पाहणी केलेली नाही, त्यामुळे आकडे सांगत नाही. पण जे ऐकलं ते आपण सगळ्यांनी मिळून ऐकलं. एक मावशी म्हणाल्या, 'माहेरची साडी'. तो सिनेमा १९९१ चा, मावशींचं लग्न १९९२ चं. दुसरीने सांगितलं 'हम आपके हैं कौन', म्हणजे १९९४. तिचं लग्न त्याच वर्षी दिवाळीनंतर झालं. तिसरी म्हणाली 'तेरे नाम', २००३. "लग्न ठरल्यावर मैत्रिणींनी नेलं होतं, शेवटचं म्हणून." हा 'शेवटचं म्हणून' शब्द ऐकून खोलीत एकदम शांतता झाली. कारण तो पुष्कळजणींचा होता.

काहीजणींनी अगदी वेगळं उत्तर दिलं: 'बाईपण भारी देवा'. तो २०२३ च्या जूनअखेर लागला, आणि आपल्याकडच्या बायका गटागटाने, गॉगल लावून, नऊवारी नेसून तो पाहायला गेल्या होत्या. म्हणजे मधली वीस-पंचवीस-तीस वर्षं काहीच नाही, आणि मग एकदम एक सिनेमा. तोही नवऱ्याने नेला म्हणून पाहिलेला नाही. दहाजणींनी पैसे जमवले आणि गेल्या.

आता ह्यात सिनेमा हा मुद्दा छोटा आहे. टॉकीजमध्ये गेलं नाही म्हणून कोणाचं पोट उपाशी राहत नाही. पण ह्या उत्तरांतून दिसतं ते असं की बाईचं घड्याळ लग्नाच्या साली बंद पडतं. त्या सालापर्यंतची गाणी तिला पाठ असतात, त्या सालापर्यंतचे नट तिला माहीत असतात, त्या सालापर्यंतची केसांची, कपड्यांची फॅशन तिने केलेली असते. पुढचं सगळं दुसऱ्यांचं. ती सांगते 'माझं वय झालं'. खरं म्हणजे वय झालेलं नसतं, तिच्या वाट्याचा वेळ संपवलेला असतो. आणि लग्न जितकं लवकर, तितकं घड्याळ लवकर बंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा अहवाल सांगतो की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांमागे जवळजवळ बावीसजणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्या बावीसजणींना कॉलेजातलं गाणं म्हणून आठवायला काय उरलं?

वेळेचं म्हणाल तर त्याचाही सरकारी हिशेब आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीप्रमाणे घरातली बिनपगारी कामं करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामांत घालवते. अशी कामं करणारा पुरुष घालवतो ८८ मिनिटं. म्हणजे तिची पावणेपाच तासांहून जास्त, त्याचा दीड तासही नाही. मधल्या ह्या सव्वातीन तासांत रोज एक अख्खा हिंदी सिनेमा, मध्यंतरासकट बसतो. पुरुष तो रोज पाहतात असं मी म्हणत नाही. पण पाहायचा म्हटला तर पाहता येईल एवढी जागा त्यांच्या दिवसात आहे.

ह्याच कारणाने मी मालिका पाहणाऱ्या बायकांना हसत नाही. शिकलेल्या लोकांना, आणि आपल्या चळवळीतल्या काही बायकांनाही, रडक्या मालिकांची टिंगल करायची सवय आहे. मालिकांमध्ये जे दाखवतात त्यावर टीका जरूर करू या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. रात्री अमुक वाजता माझी मालिका आहे, त्याच्या आधी जेवून घ्या, असं ठणकावून सांगण्याची सोय पुष्कळ घरांत बाईला पहिल्यांदा मालिकेमुळे मिळाली. तो अर्धा तास तिचा होता. रिमोट तिच्या हातात होता. क्रिकेटची मॅच असली की तो हातातून जायचा, ही गोष्ट वेगळी.

आणि त्या अर्ध्या तासात काय दाखवलं गेलं हेही पाहू. दूरदर्शनवर १९८५ साली 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकरांची रजनी गॅसवाल्याशी, सरकारी कचेरीतल्या बाबूशी भांडायची. १९८९ साली 'उडान' आली, कविता चौधरींनी स्वतः लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली, पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची गोष्ट. अल्फा मराठीवर १९९९ साली 'आभाळमाया' सुरू झाली. तिच्यातली सुधा जोशी प्राध्यापक होती, घर चालवणारी, आणि नवऱ्याच्या वागण्यापुढे स्वतःचं म्हणणं असलेली. त्यानंतर वर्षभराने, २००० साली, हिंदीत तुलसी आली, दागिन्यांनी मढलेली, घर जोडून ठेवणारी. तुलसी आठ वर्षं राहिली आणि २०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा आली. रजनी काही परत आली नाही. तेव्हा 'जुनं ते मागासलेलं आणि नवं ते पुढारलेलं' हे मुलींचं गणित आणि 'आमच्या वेळचं तेवढं चांगलं' हे आयांचं गणित, दोन्ही तपासून घ्यावी लागतील. काय जुनं होतं, काय परत आणलं जातं, हे आपोआप घडत नाही. त्यामागे कोणाचा तरी धंदा असतो, कोणाची तरी सोय असते.

आता पडद्यावरच्या बाईचं वय पाहा. 'मैने प्यार किया' १९८९ सालचा. सलमान खान आणि भाग्यश्री, दोघांचा नायक-नायिका म्हणून गाजलेला पहिला सिनेमा. भाग्यश्री सलमानपेक्षा वयाने लहान. लग्नानंतर ती पडद्यावरून जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि २०२२ साली 'राधे श्याम' सिनेमात ती नायकाची आई म्हणून आली. सलमान २०२५ च्या ईदला 'सिकंदर' घेऊन आला, नायक म्हणूनच, आणि नायिका त्याच्याहून तीस-एकतीस वर्षांनी लहान. पस्तीस वर्षांत त्याचं वय झालं नाही, तिचं झालं. आपल्या गल्लीत पस्तिशीच्या बाईला भाजीवाला 'काकू' म्हणतो आणि तिच्याच वयाच्या पुरुषाला 'भाऊ' म्हणतो, त्याची शाळा ही अशी पडद्यावर भरते.

आणखी एक गंमत आपल्या भागातलीच. उल्हासनगर जीन्ससाठी प्रसिद्ध आहे. तयार जीन्सचे धागे कापायचं काम नगावर घरोघरी येतं, ते बायका करतात. ह्या बायकांना फॅशन सगळ्यांच्या आधी कळते. पायघोळ गेली, चिकटून बसणारी आली, गुडघ्यावर फाटलेली आली, आता पुन्हा पायघोळ आली, हे त्या कात्रीच्या अनुभवावरून सांगतात. तरुण पिढी काय घालणार हे हातात धरून बसलेल्या ह्या बायका स्वतः मात्र म्हणतात, "आम्हाला काय कळतंय नवं!" मी म्हटलं, "ताई, तुम्हालाच कळतं. फक्त ते घालून बाहेर पडायची मुभा तुम्हाला नाही."

आता मी दुसऱ्या बाजूकडे येते, कारण जुनं होणं म्हणजे सगळं वाईटच असं नाही. काही गोष्टी जुन्या व्हायलाच हव्या होत्या.

काकूंना आठवत असेल. १९९० साली आपल्या शेजारी उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू असताना परीक्षा केंद्रात घुसून रिंकू पाटील ह्या विद्यार्थिनीला एका तरुणाने जाळून मारलं. मुलींनो, तुमच्याच वयाची मुलगी, पेपर लिहायला बसलेली. सगळा महाराष्ट्र त्याने हादरला होता. आणि तरीही अशा घटनांना 'एकतर्फी प्रेमातून' असं म्हणायची पद्धत कायम राहिली. मुलीने नाही म्हटलं तर तिला मारणं ह्यात प्रेम कुठल्या तर्फेने आलं?

ह्यानंतर तीन वर्षांनी, १९९३ साली, 'डर' आला. त्यात मुलीचा पाठलाग करणारा, तिला फोन करकरून घाबरवणारा माणूस खरं तर खलनायक. पण लोकांना तोच आवडला, त्याच्या बोलण्याची नक्कल गल्लोगल्ली झाली. २००३ च्या 'तेरे नाम'मध्ये तर मुलीच्या मागे लागणारा, तिला उचलून नेणारा मुलगा हाच नायक होता, आणि त्याच्यासाठी रडायचं होतं. त्या वर्षी मी शाळेत होते. मधोमध भांग पाडून डोळ्यांवर केस सोडलेली मुलं शाळेच्या रस्त्यावर उभी असायची, हे माझ्या वयाच्या सगळ्याजणींना आठवेल. मुली तेव्हा रस्ता बदलायच्या. घरी सांगायच्या नाहीत, कारण सांगितलं तर शाळाच बंद व्हायची. मुलाचं काही बंद होत नसे.

मागच्या महिन्यात किशोरी गटाला आपण ह्या दोन्ही सिनेमांतले थोडे भाग दाखवले. मुलींची पहिली प्रतिक्रिया होती हसू, कपड्यांना आणि केसांना. दुसरी प्रतिक्रिया मात्र हसण्यासारखी नव्हती. एक मुलगी म्हणाली, "हा तर केस होण्यासारखा माणूस आहे. हिने तक्रार का नाही केली?" तिच्या आईला, जी मागे बसली होती, क्षणभर काही बोलता आलं नाही. मग ती म्हणाली, "तेव्हा असं काही असतं हेच माहीत नव्हतं."

आईचं म्हणणं बरोबर होतं. मुलीचा पाठलाग करणं हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात आला तो २०१३ साली, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर देश रस्त्यावर आला तेव्हा. भारतीय दंड विधानात ३५४ ड हे कलम घातलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ७८ आहे. मुलीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हापुन्हा मागे येणं, संपर्क साधणं, तिच्या मोबाईल-इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणं, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलींनो, हे वहीत लिहून घ्या.

म्हणजे काय झालं? सिनेमा तोच, पण पाहणारी बदलली. ती बदलली कारण इतकी वर्षं बायकांनी मोर्चे काढले, मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध १९८० साली देशभर निदर्शनं केली, कायदे बदलून घेतले, शाळांतून मुलींशी बोलत राहिल्या. आपल्या तरुणपणचा एखादा सिनेमा लेकीला पाहवत नाही, ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिला तो पाहवू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप होता.

पण मुलींनाही मला एक विचारायचं आहे. तुम्ही 'डर'ला हसलात, ते बरं झालं. मग तुमच्या रील्समध्ये जी गाणी वाजतात, त्यांत 'तू माझी नाहीस तर कोणाचीच नाहीस' असं सांगणारी किती आहेत? पासवर्ड मागणारा, 'कुठे आहेस, लोकेशन पाठव' म्हणून दर तासाला विचारणारा मुलगा तुम्हाला काळजी घेणारा वाटतो की पाळत ठेवणारा? तीस वर्षांनी तुमच्या मुली तुमची रील्स पाहून काय विचारतील, ते आजच विचारून पाहू या. जुन्याचा दोष दिसणं सोपं असतं. तो चालू काळात दिसला तर उपयोग.

आणि आयांना एक विनंती. मुलीच्या मोबाईलवर घाणेरडा मेसेज आला की आपण पहिल्यांदा मुलीचा मोबाईल काढून घेतो. आपल्या वेळी शाळा बंद व्हायची, तसंच हे. त्याच राष्ट्रीय पाहणीत आलेलं आहे की देशात २०१९-२१ मध्ये स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या बायका दर शंभरात चोपन्न होत्या, आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका तेहतीस, पुरुष सत्तावन्न. मोबाईल काढून घेतला की तेहतिसातली एक कमी होते, त्रास देणारा कमी होत नाही. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ती सीमेवरच्या कारणाने आली, त्याविषयी मी बोलत नाही. पण तोपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, शेताच्या बांधावर उभं राहून नाचणाऱ्या, बोलणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बायका आपण तिथे पाहिल्या होत्या. कोणी त्यांना 'वयाला शोभत नाही' म्हणालं, तरी त्या नाचत होत्या. घड्याळ पुन्हा चालू करायचा बाईचा प्रयत्न दिसायला असाच दिसतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. जुन्यातलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं?

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली आणि जातं थांबलं. जातं गेलं ह्याचं दुःख दळणाऱ्या बाईला विचारा. ती म्हणेल, सुटले! खांदे दुखायचे थांबले. पण जात्याबरोबर ओवी गेली, आणि ओवीबरोबर पहाटेच्या अंधारात सासर-माहेराविषयी मनातलं बोलायची एक जागा गेली. जातं परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. बोलायची जागा मात्र परत हवी, आणि महिला मंडळ, बचतगट ही तीच जागा आहे.

आपल्या ह्या पट्ट्यातल्या आगरी लग्नांत धवलारीण असायची. ती धवळे गायची, लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालायचे. म्हातारी बाई, पुष्कळदा विधवासुद्धा, पण लग्नघरात तिला मान असायचा, कारण गाणी तिला पाठ होती. म्हणजे वय वाढलं की तिची किंमत वाढायची. आज हळदीला डीजे येतो. मुलींना नाचायला मिळतं, त्याला माझा विरोध नाही. पण डीजेचा पोरगा पैसे घेऊन जातो आणि धवळे जाणणारी आजी मागच्या खोलीत कानात बोळे घालून बसते. तिच्या ज्ञानाचं वय झालं असं आपण ठरवून टाकलं. एकदा तिला विचारलंही नाही.

ह्याउलट १४ एप्रिलला आपल्या वस्तीत काय होतं ते आठवा. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी गेले. त्यांची गाणी आजही नव्या ठेक्यावर, नव्या आवाजात वाजतात. कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात ते मोबाईलवर घरोघरी ऐकलं जातं. पंधरा वर्षांची मुलगी ते गाते आणि तिची आजीही गाते. तिथे कोणी कोणाला 'जुनं' म्हणत नाही. का? कारण ते गाणं फक्त ऐकायचं नसतं, ते म्हणायचं असतं, आणि त्यातला प्रश्न अजून सुटलेला नसतो. मला वाटतं, जे गाणं आपण स्वतः तोंडाने म्हणतो, कामाला लावतो, ते लवकर जुनं होत नाही.

मग आपल्या चळवळीच्या गाण्यांचं काय? ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे स्त्री मुक्ती संघटनेचं नाटक १९८३ साली आलं. गावोगावी त्याचे प्रयोग झाले, बायका ते पाहून रडल्या, चिडल्या, आणि उठून बोलायला लागल्या. आजच्या मुलींना त्याच्या चाली जुन्या वाटतात. आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना ह्याचा राग येतो. मला दोघींची बाजू कळते, कारण मी दोघींच्या मधल्या वयाची आहे. ज्येष्ठांना मी एवढंच म्हणेन की १९८३ साली तुम्हीही जुन्या लोकगीतांच्या चालींवर नवे शब्द बसवले होते, तेव्हा तुम्हाला कोणी अडवलं नव्हतं. आणि मुलींना म्हणेन की चाल बदला, रॅप करा, काय वाटेल ते करा, पण आधी ते नाटक एकदा पूर्ण वाचा. मुलगी नको म्हणून होणारी तपासणी महाराष्ट्राने १९८८ साली कायद्याने रोखली, देशाने १९९४ साली. कायदा झाला म्हणून ती थांबली नाही. नाटकाचा विषय तुमच्या घरात अजून जिवंत आहे.

नुसतं बोलून उठायचं नाही म्हणून चार कामं सुचवते. ती आजच ठरवू या.

पहिलं, प्रत्येक बचतगटाने वर्षातून दोनदा एकत्र सिनेमा पाहायला जायचं. दुपारचा खेळ, तिकीट स्वस्त असेल तेव्हा. पैसे गटाच्या दंडाच्या रकमेतून की वर्गणीतून ते गटाने ठरवावं. त्या दिवशी घरी पोळ्या कोण करणार ह्यावर भांडण होईल. ते होऊ द्यावं.

दुसरं, महिन्यातून एकदा आई आणि मुलगी ह्यांनी मिळून एक जुना आणि एक नवा सिनेमा किंवा मालिकेचा भाग पाहायचा आणि मध्ये मध्ये थांबवून बोलायचं. जुना आईने निवडायचा, नवा मुलीने. हसायला दोघींना परवानगी.

तिसरं, मुलींनी आपापल्या मोबाईलवर वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी, धवळे, ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या. कुठल्याही आजीला विचारल्याशिवाय करायचं नाही, आणि तिला नको असेल तर कुठेही टाकायचं नाही. गाण्यापुढे गाणारीचं पूर्ण नाव लिहायचं, 'एक आजी' असं नाही. एक प्रत तिच्या घरी द्यायची. चहा घेऊन जायचं आणि दोन तास बसायचं, दहा मिनिटांचं काम नाही ते.

चौथं, 'एकतर्फी प्रेम' हा शब्द आपण वापरायचा नाही. वर्तमानपत्रात आला की त्या पत्राला गटाच्या नावाने पत्र लिहायचं. पाठलाग म्हणा, छळ म्हणा, खून म्हणा. जे आहे ते म्हणा.

आणि काकूंनो, 'आता आमचं वय झालं' हे वाक्य ह्या खोलीत म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण पुढे सांगा की ते कोणत्या साली झालं आणि कोणी ठरवलं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दोन गाणी आठवून यायचं, एक लग्नाआधीचं आणि एक ह्या वर्षातलं. ह्या वर्षातलं येत नसेल तर समोर बसलेल्या मुलींपैकी एकीला आत्ताच विचारून ठेवा. त्या शिकवतील. त्यांनाही तुमच्याकडून एक शिकायचं आहे.

आता जेवणाची सुट्टी. दुपारी बरोबर दोन वाजता पाण्याच्या प्रश्नावर बसू.